शुक्रवारी बंद

बियाणं कंपनीचं जुनं कॅलेंडर उलटं करून
मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
पुलगाव ते वर्धा, लाल गाडी.
वर्धा ते आग्रा, रात्रीची.
गुरुवारी निघायचं, शुक्रवारी ताजमहाल.
देवानंद म्हणाला, बस्स, झालं प्लॅनिंग.

श्रावस्तीनं मोबाइलमधून डोकं न काढता सांगितलं,
शुक्रवारी बंद असते.

मग खोडाखोड.
शनिवार धरला तर सुजातचा पेपर,
रविवारी म्हणे माणसावर माणूस,
सोमवारी माझं लसीकरण, अठरा लेकरं, अठरा रडणी,
आणि मंगळवार बाजाराचा. चक्कीच्या ओट्यावर
दळणाचे डबे मालकांच्या आधी येऊन
रांगेत बसलेले असतात.

आधार कार्डं काढली.
मायच्या कार्डावर वच्छलाची वस्तला झालेली,
जन्म एक जानेवारी.
गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या एक जानेवारीच्या.
अर्ध्या गावाच्या जन्माचा वार, प्रहर
जिला अजून तोंडपाठ,
तिचा स्वतःचा दिवस
तहसीलच्या कोण्या पोरानं बसवून दिला.

माय म्हणाली, मले नका धरू त्याच्यात.
माह्ये गुडघे, अन् बकरी कोन पाह्यल?
चार तिकिटं काढा.
आणि सुपातली अंबाडी निवडत राहिली.

सुजात पुस्तकातलं मोठ्यानं वाचत होता,
कुणी ऐकत नव्हतं:
बादशहानं राणीसाठी, संगमरवर, बावीस वर्षं...
चौदाव्या बाळंतपणात राणी मरण पावली.

सूप थांबलं.

कितवं म्हणला?
चौदावं.
सुईन कोन व्हती तिची?
सुजातनं पान उलटून पाहिलं. नव्हतं.
श्रावस्तीनं मोबाइलवर पाहिलं. कारागिरांची नावं होती,
दगड कुठून आला ते होतं,
हत्ती किती लागले तेही होतं.
वार पडली व्हती काय पुरी?
आजी, कायची वार?
लेकरू वाचलं?
वाचलं. मुलगी होती.
मंग रगत थांबलं नसन, माय म्हणाली,
जसं कालचं,
जसं शेजारच्या घरातलं.

मी आशाताई होऊन नऊ वर्षं झाली.
माझ्या रजिस्टरमध्ये रकाने आहेत,
गाडीचा नंबर आहे, डॉक्टर नाही भेटला तर
दुसऱ्या डॉक्टरचाही नंबर आहे.
मायपाशी सरकारी ट्रेनिंगची अल्युमिनमची पेटी,
आत गंजलेली कात्री, दोऱ्याची रिकामी रिळं,
आणि एकच गोष्ट जी तिनं मला कधी सांगितली नाही.
पण किराणा आणायला ती
नाल्याकडून वळसा घालून जाते, गुडघे असे असून.
सरळ वाटेवर शेवंताचं घर लागते.
शेवंता जाऊन एकतीस वर्षं झाली.
आता तिथं तिचा नातू मोबाइल रिचार्ज करून देतो.

पाचवं नाव लिव, माय म्हणाली.
खिडकीपाशी.

खर्चाचा आकडा पुन्हा मांडला.
तीळ-गुळाच्या पोळ्या दोन दिवस टिकतात,
चटणी टिकते, आलूबोंडे पहिल्याच रात्री संपतील.
एक स्वेटर उसना.
बकरी रमाबाईकडे, तिला येताना पेठा.
तिकिटं वेटिंगमध्ये, सदतीसपासून पुढं,
होईल कन्फर्म, देवानंद म्हणतो, तो नेहमीच म्हणतो.

रात्री लाइट गेली. अंधारात माय विचारते,
तिच्यापाशी जाऊ देते काय? पार जवळ?
मी म्हटलं, जाळी आहे. बाहेरूनच पाहा लागते.
हं, म्हणाली.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, हात धुवाले पानी असन ना तिथं?

असेल, मी म्हटलं.
आणि बाजेवरून देवानंद,
मला वाटलं झोपला असेल:
ते सोडा, मंगळवारी चक्कीची चाबी
कोनापाशी ठेवाची, ते सांगा आधी.